गुरांच्या वाटेवरचं शेण

११ एप्रिल १९७६, रविवार. जमा रुपये दोनशे बावन्न. हजर चौघे: गावचे पाटील, जंगलखात्याचे गार्ड, माझा थोरला चुलतभाऊ आणि मी. जागा शाळेचा व्हरांडा. पाटलांचे शंभर, गावातल्या इतर शेतकऱ्यांचे मिळून एकशे दोन, आमच्या वस्तीचे चाळीस, आणि गार्डांनी स्वतःच्या पगारातले दिलेले दहा. पैसे माझ्याजवळ ठेवायचे ठरले, कारण मी सोसायटीत कारकून होतो. चुलतभाऊ म्हणाला, "ह्याच्यापाशीच ठेवा. ह्याला खर्चायची हिंमतच व्हत न्हाई."

हे पैसे कशासाठी गोळा झाले, ते सांगायला तीन आठवडे मागं जावं लागतं.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. चारठाण्याचा बाजार पायी दोन-अडीच तासांवर. गावाच्या पश्चिमेला सरकारी जंगल आहे. गाव आणि जंगल यांच्यामध्ये आमची बौद्धवस्ती, आणि वस्तीच्याही पलीकडे, जंगलाला खेटून, गावच्या गुराख्याची झोपडी. उन्हाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. तेव्हा जंगलात काही पेटलं, तर आधी गुराखी, मग आम्ही, मग गाव, असा क्रम होता. हा क्रम कोणी लावला, त्यात मी इथं शिरत नाही.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. दुपार कलल्यावर पश्चिमेचं आभाळ विटेच्या रंगाचं झालं. आधी धूळ आली, मग वारा, मग गारा. वारा म्हणजे आमच्याकडं वावटळ माहीत होती, छपराचे पत्रे नेणारी. हा वेगळा होता. तो थांबतच नव्हता. घराच्या दाराला आम्ही दोघांनी पाठ लावली होती, तरी दार आत ढकललं जात होतं. जंगलाकडून एकसारखा कडाकडा आवाज येत होता. बायको म्हणाली, "डोंगर मोडायलाय का काय?" मलाही तसंच वाटत होतं.

गुराखी त्या वेळी गावची गुरं घेऊन जंगलात होता.

रात्रभर गुरं परत आली नाहीत. सकाळी आम्ही दहा-बारा जण शोधायला निघालो. जंगलातून गावाकडं येणारी गुरांची एक जुनी वाट आहे, बैलगाडी सहज वळेल इतकी रुंद. पिढ्यान्पिढ्या खुरांनी तुडवून तिच्यावर गवताची काडी उगवत नाही. त्या वाटेवर एक मोठा साग आडवा पडला होता आणि त्याच्या अलीकडं फांद्यांचा ढीग. मधल्या मोकळ्या जागेत सगळी गुरं कोंडून उभी होती. रात्रभर तिथंच उभी, गारा खात. त्यांच्या पलीकडं, धावड्याच्या एका फांदीखाली, गुराखी सापडला. मांडीचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होता. आम्हाला बघून त्यानं पहिल्यांदा गुरं मोजायला सांगितली. मी मोजली. एक कालवड कमी होती, तीही दुपारी सापडली.

त्याला बाजेवर घालून आणलं. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, दोन महिने हलवायचा नाही, हाड सरकलं तर पाय गेला. तेव्हापासून तो झोपडीत पडून आणि बायको त्याच्या उशाशी.

त्या सकाळी बाज उचलून परत येताना मी वळून डोंगराकडं पाहिलं आणि थांबलो. मागचा माणूस माझ्यावर आदळला. जवारी काढताना धाटं कापून एका अंगाला आडवी टाकत जातात. पेंड्या बांधायच्या आधी शेत जसं दिसतं, तसा सगळा डोंगर दिसत होता. सारी झाडं एकाच दिशेला, बुंधे पश्चिमेला, शेंडे पूर्वेला. जिथं लहानपणापासून मी कधी ऊन पाहिलं नव्हतं, तिथल्या दगडांवर ऊन पडलं होतं. मोडलेल्या साळईतून डिंक गळत होता आणि डोंगरभर ऊद जाळल्यासारखा वास सुटला होता. एकही पाखरू बोलत नव्हतं. मी सवयीनं पडलेली झाडं मोजायला लागलो. नजरेच्या टप्प्यातलीच दोनशेच्या पुढं गेली, तेव्हा थांबलो. मोजायला घेतलेलं मी अर्धवट सोडलं, असं माझ्या हातून फारसं होत नाही.

त्यानंतर ऊन तापलं. पडलेल्या सागाची पानं फांद्यांवरच वाळली. दरवर्षी पानं जमिनीवर गळतात, दबतात. ही तशी नव्हती. ती कमरेइतक्या उंचीवर लटकत होती आणि वारा त्यांच्या खालून जात होता. पापडासारखी वाजायची. गार्ड एके दिवशी आमच्या वस्तीत आले, एक पान उचलून मुठीत चुरलं आणि म्हणाले, "हे पेटलं तर मला बोलवायला येऊ नका. पळा." मग जरा वेळानं म्हणाले की पळायचं नसेल तर आत्ताच काहीतरी करायला पाहिजे.

करायचं काय, तेही त्यांनी सांगितलं. जंगल आणि वस्ती यांच्यामध्ये बैलगाडीच्या दोन लांबीइतका रुंद पट्टा साफ करायचा. गवत कापायचं, पाला ओढून काढायचा, मग थंड वेळी पट्टा स्वतःच जाळून काळा करायचा, म्हणजे आगीला खायला तिथं काही उरत नाही. खात्यात याला जाळरेषा म्हणतात. अडचण एकच होती. पट्ट्यात पडलेली झाडं सरकारची. ती न्यायची तर परवानगी पाहिजे, ती वरून येणार, आणि येईपर्यंत उन्हाळा संपलेला असणार. गार्ड म्हणाले, "लाकूड नेलं तर मी तुमच्यावर केस करीन. सरकवलं तर करणार न्हाई. सरकवणं म्हंजे नेणं न्हाई." खात्याकडून पैसाही तूर्त नव्हता. म्हणून शाळेच्या व्हरांड्यात ती बैठक.

बैठकीत पाटलांनी आधी जे सुचवलं ते जुन्या रीतीचं होतं. वस्तीतल्या घरटी एकानं कामाला यावं, खळ्यावर धान्य देऊ. चुलतभाऊ शांतपणे विडी विझवून म्हणाला, "पाटील, छप्पन्न सालापासून आमी वेठ सोडली. काम करू. रोजानं करू. पैसे हातात, सगळ्यांसमोर मोजून."

पाटील म्हणाले, "आगीत पहिलं तुमचंच घर जळायलाय आन् रोज मागायलाव?"

"दुसरं तुमचं हाय. निम्मा रोज तुमी धरा."

गार्ड हसले, मग पाटीलही. पाटील तसे मनाचे वाईट नव्हते, फक्त सवय मोडायला त्यांना वेळ लागायचा. चौदा माणसं, सहा दिवस, तीन रुपये रोज असं ठरलं. चौदांत सहा बाया होत्या. बायांना दोनच रुपये द्यायचा रिवाज आहे, असं पाटील म्हणाले. चुलतभावानं विचारलं, "फांदी बाई बघून हलकी व्हती का?" तोही मुद्दा मिटला. दोनशे बावन्नचा आकडा असा बसला.

सोमवारी काम सुरू झालं. माझी बायको कामावर होती. मी सोसायटी सुटल्यावर संध्याकाळी जायचो, माझा रोज धरलेला नव्हता. चौदा तारखेला जयंती, म्हणून काम बंद. गार्डांना काळजी वाटली. म्हणाले, वणवा काही जयंती पाळत नाही. चुलतभाऊ म्हणाला, "मंग त्याला सांगा, पंधराला ये." त्या दिवशी मिरवणूक पट्ट्याच्या अर्ध्या साफ झालेल्या टोकापर्यंत नेली. निळे झेंडे, हलगी, आणि मागं तो आडवा पडलेला डोंगर. पोरं नाचत होती, पण त्या टोकाला पोचल्यावर हलगी आपोआप हळू झाली. कुणी सांगितलं नव्हतं.

पट्टा काढताना एक सोय आपसूक मिळाली. उत्तरेकडच्या टोकाला, गुराख्याच्या झोपडीपाशी, ती गुरांची वाटच जंगलाच्या कडेनं जात होती. आधीच रुंद, गवताची काडी नाही. ती तयार जाळरेषा समजून आम्ही तिच्यावरच्या फांद्या फक्त बाजूला ओढल्या, पाला झाडला. तेवढं काम वाचलं.

शेण मात्र तसंच ठेवलं. त्याला कारण होतं. आमच्या गावाचा दस्तूर असा की गुरांच्या वाटेवर पडलेलं शेण गुराख्याच्या घरचं. त्याची बायको रोज पाटी घेऊन जाई, गोळा करी, गवऱ्या थापून विकी. दुसऱ्या कुणी ते उचललं तर ती चोरी. आता ती नवऱ्यापाशी अडकली होती आणि वादळाच्या रात्री कोंडलेल्या गुरांचं शेण त्या वाटेवर पसरून पडलं होतं. गारांनी ते सपाट केलेलं, उन्हानं खडखडीत वाळवलेलं. आम्ही त्याच्याभोवतीनं पाला झाडला, एकेक शेणाचा पो जागेवर सोडून. एका बाईनं सहज पायानं सरकवला तर माझ्या बायकोनं तिला टोकलं, "लोकाच्या मालाला पाय लावू नगं. तिचा माणूस पडून हाय, तिची तेवढीच कमाई." सगळ्यांना ते पटलं. मलाही. शेण म्हणजे कचरा, असं आमच्यात कुणाच्याच मनात येत नाही.

अठरा तारखेला काम पुरं झालं. पहाटे, वारा नसताना, गार्डांनी पट्टा पेटवून काळा करून घेतला. संध्याकाळी मी सगळ्यांसमोर पैसे वाटले. एका बाईला ताप आला होता, तिचे दोन रोज भरले नाहीत. दोनशे शेहेचाळीस दिले, सहा उरले. पाटील म्हणाले, चहा पाजा. मी म्हणालो, राहू द्या, काम संपलंय का ते अजून कळायचंय.

पुढच्याच आठवड्यात कळलं. दुपारची वेळ होती. डोंगराच्या वरच्या अंगाला पांढरा धूर दिसला. बघता बघता तो पिवळा झाला, मग काळा. वणवा कुठून लागला, ते शेवटपर्यंत समजलं नाही. गावात कुणीतरी शाळेची घंटा बडवली. वस्ती घागरी, हंडे, कडुलिंबाच्या ओल्या डहाळ्या घेऊन पट्ट्यावर आली. पहिल्यांदाच असं झालं की गावातले लोकही न बोलावता वस्तीच्या पलीकडं आले. पाटील धोतर खोचून आमच्या ओळीत उभे होते.

गुराख्याला बाजेसकट उचलून गावात न्यावं असं आम्ही चौघे त्याच्या दारात जाऊन म्हणालो. तो म्हणाला, "पाय गमावून कुठं जाऊ? तुमी इतकं केलंय, ते बघू तरी द्या." बायकोला त्यानं बाज फिरवून तोंड जंगलाकडं करायला सांगितलं.

आवाज आधी आला. पावसाची मोठी सर रानावरून येते तसा, पण कोरडा. मग जनावरं आली. ससे, मुंगसं, एक साळिंदर काटे वाजवत. साप किती, ते मी पाहिलं नाही, पाहायची इच्छा नव्हती. एक रोही, नीलगाईचा मोठा, निळसर नर, काळ्या पट्ट्यावर येऊन उभा राहिला. आमच्यापासून चार पावलांवर. एरवी माणसाचा वास आला तरी अर्धा कोस पळणारं जनावर. त्यानं आमच्याकडं बघितलं, आम्ही त्याच्याकडं. मग तो ओळीतल्या दोन बायांच्या मधून चालत गेला, पळाला नाही. त्या बायांनी त्याला बाजूला होऊन वाट दिली, जशी घरातल्या वडीलधाऱ्याला देतात.

त्यामागं आग दिसली. मी चुलीतली आग जाणतो, खळ्यावरची जाणतो. ही वेगळीच वस्तू होती. पडलेला साग आख्खा एकदम पेटायचा, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. झाडं उभी असताना होती त्याच्या दुप्पट उंच ज्वाळा गेल्या. आमच्या तोंडावर इतकी धग येत होती की बोलताना ओठ चिकटत होते. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटलीही असेल. पण आठवतं ते एवढंच की मी हातातली घागर खाली ठेवली आणि बघत राहिलो.

गार्ड वाट बघत होते. कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही. मग एकदम आमच्या पाठीवर वारा लागला. आगीच्या दिशेनं. आग इतकी मोठी झाली होती की ती आमच्याकडची हवा ओढून घेत होती. गार्ड ओरडले, "आता!" आणि पट्ट्याच्या जंगलाकडच्या कडेला त्यांनी टेंभा लावला. चुलतभाऊ दुसऱ्या टोकाकडं टेंभा घेऊन धावला. आमची आग गवतातून मोठ्या आगीकडं निघाली, आधी हळू, मग धावत. दोन्ही आगी एकमेकींकडं झेपावल्या. मधे एक भिंत उभी राहिली, तिची उंची मी सांगणार नाही, कुणी खरी मानणार नाही. आणि मग तिथं खायला काही उरलं नाही. भिंत खाली बसली. घरातला दिवा फुंकावा तशी.

त्यानंतर जी शांतता झाली, तशी मी पुन्हा ऐकली नाही. पाटलांच्या डोळ्यांत पाणी होतं, धुरानं म्हणा. बराच वेळ गेला. ऊन उतरलं.

तेव्हा माझी बायको नाक वर करून म्हणाली, "गवरीचा वास यायलाय."

कुणीतरी म्हणालं, येईनाच का, संध्याकाळ झाली, कुणी चूल पेटवली असेल.

"कुणी? आपल्या सगळ्याजणी तर हितंच हाईत. गुराख्याची पण हितंच पाणी वाहायलीय. मंग चूल कुणाची?"

आम्ही एकमेकांकडं पाहिलं आणि उत्तरेकडं पळालो. गुरांच्या वाटेवर ज्वाळा कुठंच नव्हती. वाट मोकळी दिसत होती. फक्त तिच्यावरून, जंगलाच्या कडेकडून झोपडीच्या काटेरी कुंपणाकडं, धुराच्या बारीक बारीक वाती उभ्या होत्या. शेणाला शेण लागून विस्तव आतल्या आत सरकत आला होता. आमच्याच घरात आम्ही असाच विस्तव गवरीत पुरून रात्रभर जपतो आणि सकाळी त्यावर चूल पेटवतो. इतक्या मोठ्या आगीला आम्ही थांबवलं आणि ही मात्र आमच्या जपून सोडलेल्या पोंवरून, मुंग्यांच्या रांगेसारखी, वाट ओलांडून आली होती. शेवटचा धूर कुंपणापासून हातभर होता. कुंपणाच्या आत गवताचं छप्पर, आणि छपराखाली तोंड इकडं करून पडलेला माणूस.

पाणी ओतलं. धूर झाला, पण शेण आतून धुमसतच राहिलं. उचलून दूर टाकल्याशिवाय इलाज नव्हता. आणि तरी आम्ही क्षणभर तसेच उभे राहिलो. आज सांगताना हसू येतं, पण त्या वेळी कुणाचा हात पुढं झाला नाही. गुराख्याची बायको मागून हंडा घेऊन आली. तिनं आमच्याकडं बघितलं आणि तिला सगळं समजलं.

"उचला की रं," ती म्हणाली. "मी काय भांडायला आले का?"

मग सगळे तुटून पडलो. पाटील हातानं उचलत होते. उरलेलं सगळं शेण पाट्या भरभरून ओढ्याच्या डबक्यात नेऊन टाकलं. मी सवयीनं पाट्या मोजल्या. एकवीस झाल्या. झोपडीच्या दारातून गुराखी म्हणाला, "शेण नेऊन पाण्यात घातलं. आता हिच्या तोंडाचा पट्टा मला ऐकावा लागंल." ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "तू आधी उठून बस, मंग ऐकवते." तेव्हा कुठं माणसं हसली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चौघे पुन्हा बसलो. गुराख्याच्या बायकोलाही बोलावलं होतं, ती पायरीवर बसली. मी म्हणालो, सहा रुपये शिल्लक आहेत, आणि एकवीस पाट्या शेण आपण तिचं घेतलेलं आहे. वेठ नको म्हणून आपणच रोज घेतला. मग तिचा माल फुकट कसा घ्यायचा?

पाटील म्हणाले, "जीव वाचला तिच्या माणसाचा, आन् शेणाचे पैसे पण आपुनच द्यायचे? तालुक्यात ऐकलं तर हसतील." पण भाव त्यांनीच काढला. चार आणे पाटी.

सव्वापाच रुपये झाले. बारा आणे उरले. मी ते परत कुणाला द्यायचे, ते विचारू लागलो, तर चुलतभाऊ म्हणाला, "आन् जळालेलं? ते काय तिचं नव्हतं?"

"ते किती होतं, मोजलेलं नाही," मी म्हणालो.

गुराख्याची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "जळालेल्याचे मला नगं. ते आमालाच जाळायला निघालं व्हतं."

"तीन पाट्या धरा," गार्ड म्हणाले. "हिशोब मिटतो."

मी डोंगराकडं पाहिलं. वरचं सगळं काळं होतं, आणि आमच्या पट्ट्याच्या अलीकडं सगळं जसंच्या तसं. जळालेलं शेण किती, ते कुणालाच कळणार नव्हतं, आणि जंगल किती, तेही नाही. मी तीन पाट्या धरल्या. न मोजता धरलेला माझा तेवढाच एक आकडा.

दिले रुपये सहा, गुराख्याच्या बायकोला. पैकी सव्वापाच उचललेल्या शेणाचे, बारा आणे जळालेल्या. शिल्लक काही नाही.